आयव्हरची पोलादी नळी

आयव्हर पेनहेल पहिल्यांदा माझ्या नजरेत भरला तो एका खेळण्यामुळे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या व्हायला गावात निवृत्त पुरुषांची एक शेड आहे. तिथे आम्ही म्हातारे मोडक्या खुर्च्या जोडतो, चहा पितो आणि एकमेकांची टर उडवतो. त्या दिवशी बाकीचे पक्ष्यांसाठी खोकी ठोकत होते. हा उंच, वाकलेला माणूस मात्र लहान मुलांची नारिंगी प्लास्टिकची बंदूक व्हाइसच्या जबड्यात आवळून तिच्या सांध्यावरून पातळ करवत फिरवत होता.

"नातवासाठी का रे?" कीथने विचारलं. कीथ जुना वायरमन, जिभेला हाड नसलेला.

"नातवंडं नाहीत मला."

"मग परग्रहावर जमीन घेतलीस वाटतं. राखायला हवीच बंदूक."

"लेकीसाठी आहे," आयव्हर म्हणाला. "ती चाळिशीला आली."

कीथने हातोडी उचलली आणि तो पुन्हा खोकं ठोकू लागला.

पुढे चहाच्या वेळी थोडं थोडं कळत गेलं. आयव्हरने उभा जन्म पोलाद कारखान्यात लेथवर काढला. टॅम्सिन ही एकुलती एक मुलगी, ॲडलेडला राहते. तिला अंतराळवीरांचे पोशाख शिवायचा नाद. तशा वेडाच्या माणसांचा तिथे मेळा भरतो, त्यात ती सजून जाते. आयव्हरची बायको लॉर्ना आजारी पडली तेव्हा तिला शेवटचे दिवस घरी काढायचे होते. टॅम्सिननेही परोपरीने सांगितलं. पण इस्पितळात उपचार चांगले, असं आयव्हरने ठरवलं आणि लॉर्ना तिथेच गेली. दफन झाल्यावर मुलीने बापाशी बोलणं टाकलं.

आता आयव्हरच्या फुप्फुसात कारखान्याची धूळ सापडली होती. त्याने मुलीला तेवढंच कळवलं. बऱ्याच दिवसांनी तिचा फोनवर निरोप आला. नवा पोशाख तयार आहे, त्यावरचा ब्लास्टर, म्हणजे किरणं सोडणारी बंदूक, तेवढा नाही. खेळण्यातली बंदूक घेऊन करा, प्लास्टिकचाच हवा, आत दिवा लागला पाहिजे. आणि मेळ्याला तुम्हीही या.

तो एक दिवस मिळावा म्हणून आयव्हर कामाला लागला होता.

खेळण्याचे दोन भाग करून त्याने आतली स्प्रिंग काढली, मुठीत बॅटरी बसवली, खाचांमागे निळ्या एलईडींची रांग लावली. मेळ्यातले लोक एरवी प्लास्टिकला आधी चंदेरी रंग देतात, वर काळा देतात आणि कडा घासतात, म्हणजे वापरून झिजलेलं पोलाद वाटतं. आयव्हरला ते पटेना. त्याने पुढची नळी कापून टाकली आणि लेथवर पोलादाची कातली. मग घोडा पोलादाचा, मूठही पोलादाची.

"अरे, तिने प्लास्टिक सांगितलंय," मी म्हणालो.

"मास्तर, पोरीच्या हातात मी प्लास्टिक देणार नाही."

वस्तू देखणी झाली होती, यात वाद नाही. कडा घासल्यावर काळ्या रंगाखालून खरंच पोलाद चमकलं.

ॲडलेडला मीच त्याला गाडीने नेलं. मेळ्याच्या दारात टॅम्सिन उभी होती, करड्या पोशाखात, कमरेला बंदुकीचं रिकामं म्यान. बापाला तिने मिठी मारली नाही, पण त्याच्या हातातली पिशवी घेतली. आत जाण्याआधी प्रत्येकाची हत्यारं एका टेबलावर तपासत होते. तिथल्या मुलीने ब्लास्टर उचलला आणि लगेच खाली ठेवला.

"काका, हा धातूचा आहे. आत नाही नेता येणार. गर्दीत कोणाच्या डोक्याला लागला तर?"

"यातून काही उडत नाही. नुसता दिवा लागतो." आयव्हरने घोडा दाबला. खाचांतून निळा उजेड नळीच्या टोकापर्यंत पळत गेला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण नाही."

टॅम्सिन बापाकडे बघत होती. "बाबा, मी प्लास्टिक म्हटलं होतं."

"हो गं. पण हे जास्त चांगलं..."

"आईला घरी राहायचं होतं," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. मग रिकाम्या म्यानावर हात ठेवून ती आत गेली.

आयव्हर ब्लास्टर गाडीत ठेवायला म्हणून परतला आणि पुढच्या सीटवर बसला, तो उठलाच नाही. त्याचं तिकीट त्याच्या खिशातच होतं. परतताना वाटेत पोर्ट वेकफील्डला मी दोन मीट पाय, म्हणजे खिम्याचे पॅटिस, घेतले. त्याने त्याचा कागदही उलगडला नाही.

हिवाळ्यात त्याने तसलंच आणखी एक खेळणं आणलं. तोवर नाकाला ऑक्सिजनची नळी लागली होती आणि तिच्याजवळ सोल्डरिंगची तापलेली सळई चालत नाही. कधी कोणाला आपल्या कामाला हात लावू न देणाऱ्या आयव्हरने ते कीथपुढे सरकवलं.

"तिने सांगितलंय तसंच कर. तुझ्या मनाचं काही घालू नकोस."

कीथने मान हलवली. थट्टा केली नाही.

ब्लास्टर तयार झाला. तो घ्यायला येशील का, असं आयव्हरने मुलीला फोनवर विचारलं. "पोस्टाने पाठवा," ती म्हणाली. त्याने पोस्टाने पाठवला. महिन्याभराने तिच्याकडून एक फोटो आला. म्यानात तो ब्लास्टर होता, दिवा लागलेला. सोबत मजकूर नव्हता.

आयव्हर आता वृद्धाश्रमात असतो. टॅम्सिन अजून आलेली नाही. पोलादी ब्लास्टर त्याच्या खिडकीत ठेवलाय. आता त्याला तो एका हाताने उचलवत नाही.