पाटावर ऐकू आलेली हाक

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मुद्दाम ओलांडून पुढे जाणारी बाई, अशी माझी ख्याती. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. माझे मिस्टर कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर. यंत्रांच्या ट्रेनिंगसाठी त्यांना वर्षभर उत्तर फ्रान्समधल्या एका लहानशा गावी पाठवलं — मीही सोबत गेले. आमची शैला तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती आणि तिला सारखा खोकला. थोरल्या जाऊबाई, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, म्हणाल्या, "तिकडं लई थंडी. पोर हितंच ऱ्हाऊ दे. मी हाय न्हवं?"

ठेवलं तिला. आणि तिथे पोचल्यापासून मला एका जागी बसवेना.

गाव तसं छान होतं. पण दुपार झाली की दुकानं बंद, रस्ते ओस. सहज म्हणून कुणी कुणाकडे डोकावत नसे. मी साडीवर कोट घालून बाहेर पडले की समोरच्या खिडकीतला पडदा हलायचा. पावाच्या दुकानात नुसतं बोट दाखवून चालायचं नाही. दुकानदारीण माझ्याकडून शब्द नीट म्हणवून घ्यायची आणि अख्खी रांग ऐकत राहायची! शेजारची म्हातारी मादाम सिमोन तेवढी मायाळू. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला धड फ्रेंच येत नव्हतं. तरी आम्ही रोज कुंपणाशी उभ्या राहून बोलायचो — ती बहुधा तिच्या कोंबड्यांबद्दल, मी शैलाबद्दल.

एका सकाळी आम्ही दोघी पाव आणायला गेलो होतो. रांगेत उभी असताना एकाएकी छातीत धस्स झालं. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही... पण शैला पाण्यापाशी आहे, हे मला स्वच्छ कळलं. मी जीव खाऊन ओरडले, "शैले, मागं हो! मागं हो गं!"

सिमोननं मला घट्ट धरलं आणि पाठीवरून हात फिरवत तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली.

"करमत नाही ना तुला, म्हणून होतं असं," मिस्टर म्हणाले. मी घरी पत्र टाकलं, त्यात फक्त खुशाली विचारली. उत्तर आलं — सगळे मजेत. तरी पुढचे महिने मी या खोलीतून त्या खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत काढले.

परत आलो, तर शैला माझ्याकडे येईना. आक्कांच्या पदराआडून बघत राहिली. दुपारी ती झोपल्यावर आक्कांनी मला ओसरीवर बोलावलं.

"पत्रात कळवलं न्हाई, तू घाबरली असतीस. वसुबारसेला दुपारची मी गवार तोडत हुते. पोरगी पाटाकडं गेलेली कळलंबी न्हाई. पाटाला पानी सुटल्यालं. आन् तुझी हाक आली — शैले, मागं हो! मी तशीच पळाले. ती घसरायला आन् मी झगा धरायला एकच येळ झाली."

पावाच्या दुकानातला तो दिवसही वसुबारसेचाच होता. आज घरी गवारीची भाजी असेल, म्हणून मी सकाळीच डोळे पुसले होते. आणि तिथली सकाळ म्हणजे इकडची दुपार.

"पन तुझ्यासंगं ती दुसरी बाई कोन हुती गं?" आक्कांनी विचारलं.

"कोण बाई?"

"म्हातारी वाटली आवाजावरनं. तुला समजावत हुती. दुसमां, दुसमां... असं कायतरी."

दुसमां. म्हणजे फ्रेंचमध्ये — हळू, शांत हो. सिमोन मला धरून हेच म्हणत होती. आक्कांनी आयुष्यात कधी फ्रेंच ऐकलं नव्हतं, आणि दुकानातला तो प्रकार मी घरी कुणालाच कळवला नव्हता.

मिस्टरांना सांगितलं. "योगायोग," ते म्हणाले.

"आणि तो शब्द?"

त्यांनी मला तो शब्द पुन्हा एकदा म्हणायला लावला.

आक्का आता नाहीत. शैलाला त्यातलं काही आठवत नाही. तुम्ही विचाराल, आवाज एवढ्या लांब पोचला कसा? मला तर त्याच्याही आधीचा प्रश्न अजून सुटलेला नाही — शैला पाण्यापाशी आहे, हे मला कळलं कसं?