जुन्या सिनेमात ती बाई नव्हतीच

आधीच सांगते, इथले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तर चपलेने बाजूला सारून पुढे जाते. कुणी ‘भास झाला’ म्हटलं की आधी झोप नीट झाली होती का ते विचारते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण गेल्या उन्हाळ्यापासून हे डोक्यातून जात नाही, आणि घरात त्यावर बोलणं आता बंद झालंय... म्हणून इथे.

सायन्स फिक्शन सिनेमे हा माझा जुना नाद. आमचा एक ऑनलाइन ग्रुप आहे, त्यात अधूनमधून लिहिते. मागे एका फार जुन्या, नावाजलेल्या अवकाश-सिनेमाची नव्याने साफसूफ केलेली डिस्क निघाली, आणि त्याच सुमारास त्याचा रीमेकही आला. दोन्ही बघून तुलना लिहायचं मी कबूल केलं. सिनेमाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की चर्चा तिकडेच जाईल. गोष्ट एवढीच – पृथ्वीपासून लांब एका तळावर काही माणसं अडकतात, आत आग लागते, आणि बाहेर पडायला समोर एकच दार दिसत असतं.

हे काम मी हौसेने मागून घेतलं, त्याला कारण माझे वडील – अण्णा. अण्णा मूळचे मंद्रूपचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली, सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. मी शाळेत असताना आमचा केबलवाला दुपारी स्वतःजवळची कुठलीही कॅसेट लावून द्यायचा. त्यात एकदा हा सिनेमा लागला. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण सुट्टी होती, बाहेर ऊन मी म्हणत होतं – त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मी शेजारी बसून होते.

पुढे मी बारावीत असताना अण्णांच्या कारखान्यात आग लागली. भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत. अण्णा आणि तिघं कामगार मागच्या खोलीत डबा खात बसले होते. दाराच्या फटीतून धूर यायला लागला तसे तिघंही दाराकडे धावले. अण्णांनी त्यांना अडवलं. तळहात न लावता हाताची उलटी बाजू लोखंडी दाराला लावली – दार तव्यासारखं तापलेलं. त्यांनी दार उघडू दिलं नाही. मागच्या भिंतीतली जाळी लोखंडी कांबीने उचकटून चौघं बाहेर पडले. दारापलीकडे गोडाऊन होतं आणि ते पूर्ण पेटलेलं होतं. दार उघडलं असतं तर चौघांतला एकही राहिला नसता, असं अग्निशामकवाल्यांनी नंतर सांगितलं.

हे सुचलं कसं, असं जो तो अण्णांना विचारायचा. अण्णांचं उत्तर ठरलेलं. पिक्चरमधल्या बाईने असंच केलं होतं. मग ते करून दाखवायचे – तिचा एक हात मोडलेला, गळ्यात बांधलेला. म्हणून दुसऱ्या हातातला मोजा ती दाताने ओढून काढते, हात उलटा करून दाराला लावते, आणि मागच्यांकडे बघून नुसती मान हलवते. पाव्हण्यांसमोर, लग्नाकार्यात, कुठेही. आम्हा बहीण-भावांना ते तोंडपाठ झालं होतं.

तर डिस्क आली. एका रविवारी सकाळी मी आणि नवरा – महेश – बघायला बसलो. अण्णांना तो प्रसंग काढून दाखवायचा, माझ्या मनात एवढंच होतं.

सिनेमात बाई नाही. एकही नाही. तळावर सगळे पुरुष. आग लागते, एक जण धावत दाराशी जातो, दार उघडतो आणि ज्वाळांत जागीच जातो. बस. मी डिस्कवरचे कापलेले प्रसंग पाहिले, माहितीचा भाग पाहिला. या सिनेमाची एकच आवृत्ती जगभर दाखवली गेली, असं त्यात स्पष्ट सांगितलंय.

महेश म्हणाला, यात नवल काय, अण्णांनी तो माणूस जळताना पाहिला, मनाने धडा घेतला, आणि बाई कुठल्या तरी दुसऱ्याच सिनेमातली येऊन चिकटली. मला पटलं. स्मरणशक्ती असे उद्योग करते हे मीच वर्गात सांगते. अण्णांना यातलं काही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. माणूस ज्या गोष्टीच्या जिवावर उभा आहे ती कशाला काढून घ्यायची?

आठवड्याभराने तुलनेसाठी रीमेक लावला. संध्याकाळची वेळ, मी वही घेऊन बसलेले, महेश बाजूला मोबाइल चाळत होता. रीमेकमध्ये तळाची प्रमुख बाई आहे. सुरुवातीच्या अपघातात तिचा हात मोडतो. मी तेव्हाही काही जोडलं नाही, खरंच सांगते. मग आग लागली. ती दारापाशी आली. मोजा दाताने ओढला. हात उलटा केला, दाराला लावला... आणि मागे वळून नुसती मान हलवली.

महेशने मोबाइल खाली ठेवला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघेना.

मान हलवण्याची पद्धतसुद्धा तीच – आधी डावीकडे, थोडी सावकाश. अण्णा तशीच हलवतात. या नटीचं वय बघितलं. केबलवर आम्ही तो सिनेमा पाहिला तेव्हा ती जन्मलेलीही नव्हती. दिग्दर्शकाची एक मुलाखत सापडली. त्यात तो म्हणतो की हा प्रसंग लिहिलेलाच नव्हता, शूटिंगच्या दिवशी सेटवर अचानक सुचला.

आता एकच शक्यता उरत होती. अण्णांनी हा नवा सिनेमा कुठेतरी पाहिला असेल आणि आमच्याच आठवणी मागाहून बदलल्या असतील. अण्णांकडे साधा फोन आहे, तरी मी ती शक्यता सोडली नाही. त्या दिवशी अण्णांसोबत खोलीत असलेले सिद्धप्पा काका आता अक्कलकोटजवळ गावी राहतात. त्यांना फोन केला. बाकी काही न सांगता विचारलं, त्या दिवशी अण्णा काय म्हणाले होते, आठवतं का?

“आठवतं की,” ते म्हणाले. “दाराला हात उलटा लावला आनि म्हनाला, पिक्चरमदल्या बाईनं दार उघडलं न्हवतं. मला वाटलं, ह्याच्या डोक्यात धूर गेलाय.”

त्यानंतर मला नीट झोप लागेना. पोरींना वर्गात शिकवताना मध्येच शब्द सुटायला लागले. कारण आधी, परिणाम मागाहून – माझा सगळा विषय त्यावर उभा. आणि इथे माझे वडील जिवंत होते, ते तेव्हा कुणी काढलेलाच नव्हता अशा सिनेमामुळे. मी जितकी उलटसुलट मांडणी करायची, तितकं ते जास्त अडकायचं. महेश म्हणाला, योगायोग समज आणि सोडून दे. त्याचाही चेहरा सोडून दिल्यासारखा नव्हता.

शेवटी न राहवून अण्णांना घरी बोलावलं, आईही आली. नवा-जुना काही न सांगता रीमेक लावला. अण्णा शांत बसून होते. बाई पडद्यावर आली तेव्हा नुसते “व्हय, हीच ती,” म्हणाले, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. दाराचा प्रसंग आला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, झालं, यासाठी तरी हे सगळं बरं झालं.

मग सिनेमा संपला. बाई आणि उरलेले दोघं यानात बसून परत निघतात, पृथ्वी दिसायला लागते, तिथे अक्षरं येतात. अण्णा उठले नाहीत. वाट बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “फुडचं कापलं का ह्यांनी?”

मी विचारलं, पुढचं कुठलं?

“ती घरी येते न्हवं का. सगळी जेवायला बसलेली असत्यात. ती ताटावरनं सगळ्यांना उठवती, बाहेर चला म्हनती. कुनी ऐकत न्हाय. मग ती लहान पोरीचा हात धरती आनि वडून बाहेर आनती. तवा बाकीचे उठत्यात. सगळे अंगनात हुबे ऱ्हात्यात. तितं संपतो पिक्चर.”

का उठवते, मी विचारलं. अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिलं. माहीत नाही म्हणाले, बोलणं इंग्रजीत होतं. हा भाग त्यांनी आजवर कधी का सांगितला नाही, तर त्यांना कुणी विचारलाच नव्हता. लोकांना दाराचंच हवं असायचं.

आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिचं माहेर उमरग्याकडचं. भूकंपात तिची जवळची माणसं गेलीत. घरातून बाहेर का बोलावतात हे तिला विचारावं लागत नाही. नंतर ती मला एवढंच म्हणाली, “हे पुन्हा त्यांना विचारू नकोस.” मी नाही विचारलं.

हा शेवट जुन्या सिनेमात नाही, नव्यात नाही. ग्रुपवर सगळ्यांना विचारून झालं, कुणाला माहीत नाही. माझी तुलना अजून अर्धवट पडून आहे. खरं तर ती लिहायची कशाशी कशाची, हेच कळेनासं झालंय. कुणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे अजूनही नाही, आणि मी ते शोधायचं थांबवलेलं नाही, एवढंच.

मागच्या रविवारी दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला होते – आई, अण्णा, भाऊ-भावजय, माझी मुलगी. गप्पा चालल्या होत्या. अण्णांनी घास तोंडात घातला, थांबले, आणि ताटावरून उठले.

मीठ घ्यायला उठले होते. बरणी हातात घेऊन वळले, तर आम्ही सगळेच्या सगळे उभे होतो, आणि आईने माझ्या मुलीचं मनगट घट्ट धरलेलं होतं.