गाठीतली चकती

साइटवर सगळे त्याला तुकडेभाऊ म्हणत. हा माणूस प्लंबर, पण बसवलेल्या पाइपापेक्षा त्याचा जीव उरलेल्या पाइपात. वीतभर तुकडा जरी कुणी मातीत फेकला, तरी याचं तोंड सुटलंच म्हणून समजा. गवंड्यांपासून रंगाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या मागे लागून लागून त्याने सवय लावली होती: पाइप वेगळे, वायरच्या नळ्या वेगळ्या, स्लॅबखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद वेगळा. सरमिसळ झाली की वितळवलेला सगळा माल वाया, हे तो जेवणाच्या सुट्टीतही ऐकवायचा. लोक हसायचे, पण ऐकायचे.

माल घरी यायचा तो सिमेंटने माखलेला. जुनं प्लास्टिक दळून वितळवणाऱ्या कारखान्यात हा माल जायचा; सिमेंटने तिथल्या मशीनची पाती बोथट होतात, म्हणून त्याची बायको अंगणात टब मांडून एकेक तुकडा घासायची. त्या पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडायच्या. पोतं भरलं की तुकडेभाऊ गाठ मारायचा, आणि आत जो माल असेल त्याचीच एक चकती कापून गाठीत ओवायचा, म्हणजे कारखान्यात पोतं न उघडताच कळावं.

पोती न्यायचा त्याचा धाकटा भाऊ, स्वतःच्या टेम्पोतून; मालाचे जे मिळतील ते डिझेललाच ठेव, असं तुकडेभाऊने त्याला सांगून ठेवलेलं. आईमागे याला या दोघांनीच वाढवलेलं. खेप करून आला की जेवायला इथेच, आणि जेवताना कारखान्याच्या गोष्टी. तिथे मशीनवर एक बाई आहे म्हणे. वहिनीचा माल आला की बाकीची पोती बाजूला सारते, असा धुतलेला माल कुणी देत नाही म्हणते. वहिनी अशी खूश व्हायची की त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढायची. मशीनपाशी धूळ उडत असेल म्हणून तिने त्या बाईसाठी तोंडाला बांधायचा निळा रुमालही शिवून पाठवला. फार आवडला, असा निरोप आला.

मग एक दिवस नव्या इमारतीच्या मागे सांडपाण्याच्या लाइनसाठी चर खणताना तुकडेभाऊच्या कुदळीला पोतं लागलं. पडलं असेल एखादं चुकून, असं म्हणत त्याने ते ओढलं. गाठीत चकती होती, त्याच्याच हातची. पुढे खणलं तर दुसरं, त्याच्याखाली आणखी. मुकादमाला विचारलं, तर तो सहज म्हणाला की भरावाला माल कमी पडत होता, तुमच्याच भावाने आणून टाकला की. आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवलात. आता बोला!

धाकटा फाटकाबाहेर टेम्पोची काच पुसत होता, त्या निळ्या रुमालाने.

आता विचारायचं काही उरलंच नव्हतं, तरी तुकडेभाऊने विचारलं. धाकट्याने आधी इकडचं तिकडचं सांगितलं. कारखाना लांब, तिथे ही मोठी रांग, कोण ताटकळत बसणार. एकदा कंटाळून इथेच टेम्पो रिकामा केला, मुकादम खूश झाला, मग तेच चालू राहिलं. शेवटी म्हणाला, "दादा, तुम्हाला दोघांना त्यात बरं वाटत होतं. मी कशाला मोडता घालू?"

तुकडेभाऊच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्याने गळा कापला असता तर त्याने साइट डोक्यावर घेतली असती. इथे ज्याला घास भरवले त्यानेच कापला, आणि वर बरं वाटत होतं म्हणे! तो तसाच चालत घरी गेला.

बायको टबापाशी होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रुमालाचं तेवढं त्याच्याने सांगवलं नाही. दिरावर ती भडकेल असं त्याला वाटलं, पण तिचे हात घासतच राहिले.

"मग ती बाई?" तिने विचारलं. "इतके दिवस माल आला नाही, तर तिने चौकशी नाही केली?"

"अशी कुणी बाईच नाही गं."

तिने ब्रश खाली ठेवला. धुण्याच्या दिवशी बदलायला असावा म्हणून त्या बाईसाठी शिवलेला दुसरा रुमाल खिडकीत घडी घालून ठेवला होता. तिने तो उलगडला आणि त्याला हात पुसले.