खांद्याखालची तपकिरी पट्टी

आधीच सांगून ठेवतो — मी असल्या भानगडींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या सिंदी रेल्वे गावात कुणाच्या अंगात आलं की लोक हात जोडतात, मी घड्याळ बघतो. बायकोनं एकदा दुकानाला लिंबू-मिरची बांधली होती, तर त्यातलं लिंबू मी सोडून वरणात पिळलं. या ग्रुपवरचे भुताखेतांचे बरेच अनुभव वाचले आणि निम्म्यांना मनातल्या मनात हसलो, हेही कबूल करतो. तेव्हा 'काका, तुम्ही पण?' असं कुणी विचारू नका. पुतणीनं टाइप करून द्यायचं कबूल केलं म्हणून लिहितोय, नाहीतर हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतो!

आम्ही शिंपी. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान, दोन मशीन, एक काउंटर. बाबांनी सुरू केलेलं. पण बाबा त्याआधी फौजेत होते... बंदूक घेऊन नाही, मशीन घेऊन. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर शिंपी, धोबी, न्हावी, आचारी असे लोक भरती करत, त्यात ते विशीत गेले. मलायात पाठवलं. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडले आणि जहाजात कोंबून न्यू गिनीला नेले गेले. तिथं जंगलात हमाली, रस्ते खोदणं, खायला जवळपास काही नाही. किती गेले आणि किती उरले, हे बाबा कधी सांगत नसत. विचारलं की सुई पुढे करत — "दोरा ओवून दे."

युद्ध संपता संपता ऑस्ट्रेलियन सैनिकांनी त्यांना शोधून बाहेर काढलं. समुद्राकाठी त्यांचा मोठा कॅम्प होता. भारतात परतायचं जहाज मिळेपर्यंत बाबा काही महिने तिथंच राहिले. अंगात जरा मांस आलं, हा माणूस शिंपी आहे असं कळलं, तशी कुणीतरी एक जुनी हातमशीन आणून दिली. बाबांचं दुकान सुरू!

त्या कॅम्पात एकाच ब्रिगेडच्या दोन पायदळ पलटणी होत्या. आधी लिबियाचं वाळवंट, मग ग्रीस, मग हे जंगल... सगळीकडे जवळजवळ शेजारीच लढलेल्या. बाबा म्हणत, सख्ख्या जावाच त्या — एकीचं दुसरीशिवाय चालायचं नाही, पण चूल वेगळी पाहिजे. युद्ध संपलं तशी माणसं जहाजं भरभरून घरी जायला लागली. पलटणी रिकाम्या होऊ लागल्या, उरलेल्यांना एकाच तंबूत टाकलं. सगळं एक झालं, फक्त बाहीवरची पट्टी कुणी सोडली नाही. खांद्याच्या जरा खाली शिवायची कापडी पट्टी. खालचा अर्धा भाग दोघींचाही लाल, कारण ब्रिगेड एक. वरचा अर्धा एका पलटणीचा काळा, दुसरीचा तपकिरी. भोवती करडा काठ. हेच रंग त्यांच्या बापांच्या पिढीनं पहिल्या महायुद्धात लावले होते म्हणे, आणि मुलांची पट्टी वेगळी ओळखू यावी म्हणून तो करडा काठ. फाटलेल्या, विटलेल्या पट्ट्या बदलायचं काम बाबांकडे होतं.

हे एवढं मला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढचं १९९४ साली कळलं.

बाबा बिल्ल्याचं कुठलंच काम घेत नसत. होमगार्ड असो, स्काऊट असो... सरळ समोरच्या टेलरकडे धाडायचे. त्या वर्षी मी त्यांना न विचारता एका बँडपार्टीच्या ड्रेसची ऑर्डर घेतली. लाल कोट, दोन्ही खांद्यांवर बिल्ले. बाबांनी कापड तसंच परत न्यायला लावलं. मी भडकलो, ओरडलो, तेव्हा त्यांनी मशीन थांबवून सांगितलं.

"एक पोरगा होता तिथं. लढाई संपल्यावर ताप आला न् चार दिवसांत गेला. त्याचे दोस्त त्याचा शर्ट घेऊन आले, म्हने याले चांगला करून दे, सकाळी पुरायचं हाय. बाहेर पानी चालू, तंबूत कंदील. पट्ट्यांचे दोन डबे होते, एका पलटनीचा एक. मी पट्टी बदलून देली. सकाळी डबे उघडले त त्याच्या डब्यातली तशीच होती, न् दुसऱ्यातली एक कमी. तपकिरीच्या जागी काळी लावली मी. तवरिक माती टाकून झालती."

"मंग सांगितलं काऊन नाई कोनाले?"

"काय सांगू? उकरून काढा म्हनू?"

आमच्या धंद्यात दिव्याच्या उजेडात रंग जुळवत नाहीत. दोरा असो की अस्तर, दाराबाहेर नेऊन उन्हात बघायचं, तेव्हाच कात्री लावायची. त्या संध्याकाळी पाऊस होता म्हणून बाबा बाहेर गेले नाहीत, बस, एवढंच. पन्नास वर्षं ते मनात धरून बसले होते. आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि मी काय केलं? हसलो. म्हटलं, "बाबा, मेलेल्याले काळं काय न् तपकिरी काय!"

"शिंपी होऊन असं बोलतं?" बाबा म्हणाले. "त्याच्या लोकांतून काढून दुसऱ्यांत धाडला मी त्याले. एवढं एकच काम चुकीचं देलं जिंदगीत, न् तेच परत घेता येत नाई."

आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो पोरगा त्यांचा कोण होता, हे मी विचारलंसुद्धा नाही. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आता २००१. तान्हा पोळा चार दिवसांवर आलेला. सिंदीचा तान्हा पोळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको — गावातल्या प्रत्येक पोराला लाकडी बैलासोबत मिरवायला नवा कुर्ता पाहिजे. दुकानात कपड्यांचा ढीग. बाबा ऐंशीचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की चिडायचे. हूक-बटणं तेवढी बोटांच्या अंदाजानं लावत बसायचे. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत दुकानाच्या पायरीपुढे गेले नव्हते.

सकाळचे साडेअकरा. श्रावणातलं स्वच्छ ऊन पडलेलं. काउंटरपाशी कमलाकाकू नातवाच्या कुर्त्यासाठी येऊन बसल्या होत्या. तेवढ्यात एक फॉरेनर आत आला. पंचविशीचा, उंच, उन्हानं लाल झालेला, अंगात नुसती बनियन, हातावर घडी घातलेला हिरवा शर्ट. मला काही विशेष वाटलं नाही. सेवाग्रामला, पवनारच्या आश्रमात हे लोक येतच असतात, सिंदीपर्यंत क्वचित पोचतात, इतकंच. त्यानं शर्ट काउंटरवर पसरला, बाहीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि नकारार्थी मान हलवली.

"रिमूव्ह?" मी माझं इंग्रजी काढलं.

त्यानं बाबांकडे बोट दाखवलं. घाईत होतो, मलाही बरंच झालं. शर्ट बाबांच्या मांडीवर टाकला. "बाबा, हा बिल्ला काढून मांगते."

बाबांनी बाही चाचपली. मग टाके चाचपले, एकेक करून. बराच वेळ.

"वर कोनता रंग हाय?"

"काळा."

"खाली?"

"लाल. भोवतून करडा..." हे बोलता बोलता माझीच जीभ अडखळली.

बाबांचा हात बाहीवर तसाच राहिला. "गिऱ्हाईक गेलं का उभं हाय?"

"उभं हाय."

"त्याले खुर्ची दे. न् तपकिरी कापड पाह्य."

मी काय विचार करत होतो, खरं सांगू? काहीच नाही. ग्राहक आहे, काम आहे, करून टाकू. कुणी हौशी माणूस जुनं सामान जमवत असेल. चिंध्यांच्या पेटीतून लोकरीचा तपकिरी तुकडा काढला आणि बाबांना म्हटलं, हा घ्या.

"उन्हात पाह्यला?"

"बाबा, दिसून राह्यलं ना मले!"

"उन्हात जाऊन पाह्य."

कुरकुरत पायरीवर गेलो. तुकडा काळा होता.

ट्यूबलाइटखाली मी तपकिरी म्हणून उचललेला, माझे डोळे धड असताना... काळा. परत आलो, पेटी पालथी केली, दुसरा तुकडा घेतला, उन्हात नेला आणि वरून कमलाकाकूंनाही दाखवला. "काकू, हा कोनता?"

"चॉकलेटी. काऊन रे? माह्या कुर्त्याचं पाह्य ना आधी!"

लाल तुकडा आणि करडा काठही त्याच पेटीत निघाला. जुनी पट्टी बाबांनी उसवली. मी सुईत दोरा ओवून दिला. शिवायला मी हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. वीस मिनिटं लागली. दर चार टाक्यांनी विचारायचे — "वर तपकिरीच हाय ना?" आणि मी दर वेळी सांगायचो, "तपकिरीच हाय, बाबा." टाके सरळ आले. त्या डोळ्यांनी कसे आले, ते मला विचारू नका.

त्या माणसानं शर्ट घातला, बटणं लावली, मान वळवून बाहीकडे पाहिलं. हसला वगैरे नाही, नुसतं डोकं हलवलं, आपण बरोबर आलेल्या मापाला हलवतो तसं. मग एक विचित्र गोष्ट केली. बाबांच्या स्टुलासमोर गेला, त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि उकिडवा बसला. हात मागे धरून. मला वाटलं, चपलेचा पट्टा तुटला असेल. बाबांना समोरचं धूसर का होईना दिसत होतं. ते मोठ्यांदा हसले. बाबांचं तसं हसू मी लहानपणी कधीतरी ऐकलं असेल.

"नो साब, नो. आय वॉक," बाबा म्हणाले.

आणि उठले. काठी न घेता. दोघं पायरी उतरून रेल्वे फाटकाच्या दिशेनं गेले. मी मागे जायला पाहिजे होतं. पण कमलाकाकूंनी कुर्ता माझ्या हातात कोंबला, बाही आखूड झाली म्हणून भांडायला लागल्या, आणि मी... गेलो नाही.

बाबा अर्ध्या तासानं एकटे परत आले. घामानं चिंब. पाणी मागितलं.

नंतर माझ्या परीनं मी चौकशी केली. कमलाकाकूंनी माणूस नीट पाहिला होता — "गोरा, लाल केसांचा, पवनारचा असन." पवनारला आणि सेवाग्रामला स्वतः जाऊन विचारलं, त्या आठवड्यात तसा कुणी आलेला नव्हता. फाटकाजवळचा चहावाला शपथेवर सांगतो की बाबा एकटेच होते. "पन रस्त्याच्या एका अंगानं चालत होते काका, बाजूनं कोनी असल्यावानी." उसवलेली पट्टी माझ्या मापाच्या वहीत टाचलेली आहे. पुतणीनं इंटरनेटवर शोधलं, अशा पट्ट्या शौकीन लोकांकडे असतात. म्हणजे तिचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही. राहता राहिला एकच प्रश्न. काळीच्या जागी तपकिरी पाहिजे होती, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि दोघंही दुकानात आतल्या बाजूला बसलेले होते.

आज बाबा जाऊन इतकी वर्षं झाली. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही. कुणाला पटणारं कारण सुचलं तर जरूर लिहा, मी आभारच मानीन.

फक्त त्या दिवशी दुपारी, जेवणाचा डबा उघडताना, मी बाबांना विचारलं होतं की तो माणूस तुमच्यापुढे पाठ करून का बसला.

"जंगलातून त्यानंच आनलं मले," बाबा म्हणाले. "दोन दिवस, चिखलातून, पाठीवर. मले उभं राह्यता येत नोतं. दमला की खाली ठेवे, पानी पाजे, न् मंग असाच पाठ करून बसे — चल, चढ म्हने."

"न् आज?"

"आज म्हटलं, मले चालता येते आता. त्याले काही पटेना." बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग फाटकापर्यंत चालून दाखवलं."