आसारामकाकांचा पांढरा

प्रत्येक कामाचा थोडा थोडा रंग उरतो आणि आमच्या गोदामात डब्यांची उतरंड वाढत जाते. आसारामकाकांच्या किस्स्यांचंही तसंच झालंय! मी घरांची सजावट करते, काका माझे रंगारी. गाव बिडकीन. सोबत त्यांची बायको, गयाकाकू. लग्नाआधी त्या मेंढरांमागं हिंडायच्या, आता डबे ढवळतात. बोलणं जवळजवळ नाहीच. मी कॉलेजातून रंगचक्र शिकून आले तेव्हा वाटलं होतं, या दोघांना चार गोष्टी शिकवू!

*

पहिल्याच कामात मी हॉलच्या दोन भिंती हिरव्या आणि दोन लाल ठरवल्या. चक्रात समोरासमोरचे रंग, म्हणजे जोडी हमखास जमणार. काकांनी माझा कागद दोनदा फिरवून बघितला.

"ताई, मिरचीचं शेत पाह्यलं का कधी?"

"पाहिलंय की."

"हिरवं लई, लाल जरासं. म्हणून डोळ्याला गोड लागतं. निम्मं-निम्मं असतं तर मालक बांधावरूनच पळाला असता!"

याच गोष्टीवर कॉलेजात कितीतरी लेक्चरं झाली होती. भिंती फिक्या हिरव्या झाल्या आणि लाल फक्त दोन उशांवर आला.

*

चितेगावच्या एका कारखानदारांना एकाच खोलीत सहा रंग हवे होते. "सगळेच माझे फेव्हरिट आहेत!"

काका अगदी अदबीनं म्हणाले, "साहेब, वरातीत सगळेच नवरदेव झाले, तर घोड्यावर कुणाला बसवायचं?"

साहेब मुकाट्यानं दोन रंगांवर आले.

*

एका वहिनींनी तर भांडणच काढलं. दोन्ही खोल्यांना एकच राखाडी ठरला होता आणि एका खोलीत तो चक्क गुलाबी दिसत होता. "डबा बदललाय तुम्ही!"

काकांनी वाद घातला नाही. त्या खोलीतल्या हिरव्यागार कपाटावर एक पांढरी चादर टाकली. बस्स! भिंत डोळ्यांदेखत राखाडी झाली. वहिनींचं तोंड उघडंच राहिलं. माझंही, कारण पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदाच घडताना बघत होते.

"रंग नाय बदलला वहिनी," काका म्हणाले, "शेजार बदलला."

*

पण काकांची खरी ख्याती पांढऱ्याची. दुधाचा, शंखाचा, तांदळाचा, असे त्यांचे पांढरे वेगवेगळे असतात. बाटलीतून निळ्याचे किंवा पिवळ्याचे थेंब टाकायचे आणि नजरेनंच ठरवायचं. दोन वर्षांपूर्वी मात्र त्यांची कुरकुर सुरू झाली.

"डब्यात बरोबर असतो आन् भिंतीवर पिवळा पडतो! कंपनीवाले भेसळ करायलेत."

मला तर भिंती नेहमीसारख्याच सुंदर दिसायच्या. गिऱ्हाइकंही खुश. मी म्हटलं, वय झालं की माणूस कुरकुरतोच.

मग एक दिवस ते भरदिवसा शिडीची पायरी चुकले. डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू!

*

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. त्यानंतर काका गोदामात आले आणि माझ्या टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडं बघतच राहिले.

"ताई, पांढरा एवढा पांढरा असतो?" लहान मूल चंद्राकडं बघतं तसे ते त्या कागदाकडं बघत होते.

आणि मग त्यांचा चेहराच उतरला. "म्हंजी दोन वर्षं मला समदंच पिवळं दिसत व्हतं. पिवळं मारायला मी परतेक डब्यात निळा ओतला. लोकांची घरं नासवली मी!"

मी समजावलं, पण ऐकेनात. "भिंती नासल्या नायत हे सोता बघीन, तवाच परत ब्रश धरीन." शेवटी मी, काका आणि गयाकाकू हर्सूलला एका निवृत्त गुरुजींकडं गेलो. कुरकुर सुरू झाल्यानंतरचं पहिलं काम तिथलं होतं.

काका भिंतीला नाक लावून उभे राहिले. दूर गेले, खिडकी उघडली, बंद केली. भिंत तांदळासारखी शांत, पांढरी. निळ्याचा मागमूस नाही.

"ह्यात तर मी लई निळा घातला व्हता. गेला कुठं?"

गयाकाकू पदर सावरत म्हणाल्या, "तुमी चहाला गेलाव की मी पिवळा टाकत व्हते. हिरवट वाटला की लालचा एक थेंब."

काका भिंत सोडून काकूंकडं वळले.

"दोन वर्षं?"

"व्हय."

"माप?"

"माप कशाला? बापाच्या कळपात समदी मेंढरं काळीच व्हती. त्यात दुसऱ्याचं घुसलेलं कोणतं, ते वळखायला माप लागतं व्हय?"



दुसऱ्या दिवशी नव्या कामावर काकांनी पांढऱ्याचा डबा उघडला, पिवळ्याची बाटली घेतली आणि गयाकाकूंच्या हातात दिली.

"आता माझ्यासमोर टाक."