बोर्ड एकदाच विचारतो

मुंबईत मी बरीच वर्षं जाहिराती लिहिल्या. साबण, पंखे, बिस्किटं. नको असलेली वस्तू लोकांच्या गळ्यात कशी मारायची, हे मला चांगलं ठाऊक. त्यामुळे कट्टा या आमच्या गावी परतल्यावर, वहिनीने एसटी थांब्यासमोर खानावळ काढली तेव्हा बोर्डाचं काम मी न विचारताच अंगावर घेतलं.

वहिनी आधी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जायची. चिकाने तिची बोटं काळी पडत. तिला मनापासून आवडायचं ते रांधायला आणि वाढायला. “गणपतीपर्यंत चालली तर बरी, नाय तर कारखानो आसाच,” असं ती हसत म्हणायची, पण चेहरा उतरायचा.

वस्तू कमी आहे म्हटलं की गिऱ्हाईक धावतं, हा आमच्या धंद्यातला जुना हुकमी डाव. मी मोठ्या अक्षरांत रंगवलं: ‘आज मोजक्याच थाळ्या! संपण्याआधी या!’

लोक एसटीतून उतरत, बोर्ड वाचत, मान डोलवत आणि चालू लागत. शेवटी न राहवून मी आमच्याच वाडीतल्या एका काकांना गाठलं. का येत नाही जेवायला?

“अगो, थोड्याच थाळ्यो आसत मां? मगे परगावच्या माणसांका ऱ्हवांदेत. माझा घर हयच आसा. कोणाच्या तोंडचो घास कित्याक काढू?”

मी कपाळावर हात मारला. त्या दिवशी दोन्ही वेळा आम्ही घरात खानावळीतलं उरलेलं बांगड्याचं तिखलंच खाल्लं.

मग मी ‘कट्टावासीयांची पहिली पसंती’ असं लिहिलं. बाजारभर हसू झालं, कारण खानावळ नुकतीच तर उघडली होती. वहिनीही हसली, पण त्या दुपारी पातेलं पुन्हा भरलेलंच राहिलं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तेच काका समोरून जाताना ती पदराला हात पुसत दारात गेली. “जेवलात काय?”

“नको गो, भूक नाय.”

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो. नकार द्यायचा, समोरच्याने पुन्हा विचारायचं, मग जरा आढेवेढे घेऊन बसायचं. एवढी वर्षं जाहिराती लिहून हे मी साफ विसरले होते. बोर्ड बापडा एकदाच विचारतो.

“वायच भात तरी?”

“नको, नको.”

“वाढलंय मी. थंड होतला.”

काका बसले, दोनदा भात मागून घेतला, आणि पैसे देताना उद्या काय आहे तेही विचारून गेले. तेव्हापासून वहिनी दारातच उभी राहू लागली आणि बाकं भरू लागली. मी बोर्ड उतरवून त्याच्यावर सुकट वाळत घातली.

गणपतीच्या तोंडावर कारखान्याची मुकादमीण आली. आधी दोनदा नको म्हणून मग जेवायला बसली. जेवता जेवता म्हणाली, “माणसां कमी पडतत. येतंस काय गो परत?”

“नाय,” वहिनी म्हणाली.

मुकादमीण रीतीप्रमाणे पुन्हा विचारणार तेवढ्यात वहिनीने तिच्या भातावर कढी ओतली आणि हसून म्हणाली, “परत विचारू नको गो. ह्या नाय खराच आसा.”