शेवटचं कार्ड खिशात

हसायचं तर हसा, पण चहा सांभाळून. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात नवाकोरा कॉम्प्युटर आला होता, आणि मी कोरेगावचा गडी त्याला जाम टरकून असायचो. शिकायचं कसं? भोकं पाडून प्रोग्राम लिहिलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून ऑपरेटरला द्यायचा आणि उत्तराची वाट बघायची. यंत्राला हात लावायची सोय नव्हती.

सरांनी दम भरलेला, "थांब म्हणून सांगणारं शेवटचं कार्ड विसरलात, तर यंत्र घाण्याच्या बैलासारखं फिरत राहील. ज्याच्यामुळे बिघडेल त्यानं सरळ घरी जायचं."

घरी म्हणजे वडिलांसमोर, आबांसमोर. आणि आबा फौजेतून आलेले हवालदार! मला झोपेतसुद्धा तो बैल दिसायचा.

एके दिवशी गठ्ठा देऊन मेसमध्ये जेवायला बसलो. खिशातून रुमाल काढला, तर सोबत काय बाहेर यावं? शेवटचं कार्ड.

"मेलास गड्या," शेजारी बसलेला बाळू म्हणाला. "आता जळतंय बग ते मशीन."

घास तसाच टाकून पळालो. खिडकीत ऑपरेटर नाही, चहाला गेलेला. आत प्रिंटर नुसता खडखडतोय, कागदावर कागद पडतोय, थांबायचं नाव नाही. डोक्यात एकच गोष्ट आली, आबांनी विहिरीवर घोकून घेतलेली: "मोटर बिघाडली की आदी फ्यूज काड, मग इचार कर."

व्हरांड्यात मेन स्विच होता. ओढला फ्यूज.

सगळं गप्प झालं, पंखेसुद्धा. आणि आतून सर बाहेर आले.

"कुणी काढला?"

मी कार्ड पुढे केलं. "सर, माझा प्रोग्राम थांबंना, म्हणून..."

"तुझा? अरे, सकाळपासून माझं गणित चाललं होतं! पीएच.डी.चं!"

तेवढ्यात ऑपरेटर मिशा पुसत आला. "आरं, तुजा गठ्ठा माज्या टेबलावर पडलाय. अजून लावलाच न्हाई."

सरांनी माझ्या एका हातातलं कार्ड बघितलं, मग दुसऱ्या हातातला फ्यूज.

"घरी जायचंय?"

"न्हाई सर."

नाही पाठवलं, देवमाणूस. पण पुढे वर्षभर सरांचं गणित यंत्रावर चढलं, की शिपाई आधी मला शोधून आणायचा आणि ते संपेपर्यंत ऑपरेटरसमोर बसवून ठेवायचा, दोन्ही हात टेबलावर.